नवरदेवाला दिव्याचं तेल?

आज यण्णीमज्जन, आमच्या सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला लिंगांना तेल लावायचा दिवस. सकाळपासून डोकं फिरलंय, रात्रीचे साडेदहा वाजले तरी शांत होईना, म्हणून लिहितेय.

सिद्धरामेश्वरांनी शहरात स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांपैकी एक आमच्या घराजवळ आहे. मिरवणुकीतले सातही नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, पुढे गेले, गर्दी पांगली, तशी मी तेलाची वाटी घेऊन गेले. बघते तर पिंडीभोवती तेलाच्या पिशव्यांचा खच. एक पिशवी तर फोडलीच नव्हती, तशीच पिंडीवर ठेवून दिलेली. शेजारी एक बाटली कलंडलेली, तिच्यावर छापलेलं, 'फक्त दिव्यासाठी, खाण्यास अयोग्य'.

अहो, यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न आहे हे, सोलापूरकरांना मी काय सांगू? आज तेल-हळद, उद्या संमती कट्ट्यावर अक्षता, परवा होम. घरच्या पोराला हळदीच्या दिवशी दिव्याचं तेल चोळाल का?

माझी आज्जी विड्या वळायची. आजोबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी संक्रांतीला घरात करडईचं तेल बरणीच्या तळाला दोन बोटं होतं. आई म्हणाली, "अत्या, यंदा राहू द्या." आज्जीनं काही न बोलता बरणी पितळी वाटीवर उपडी धरली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून उभी राहिली. अर्धं आईला परत दिलं, अर्धं घेऊन निघाली. मी तिच्या पदराला धरून. लिंगापाशी तिनं तेल ओतलं नाही. चार बोटं बुडवून पिंडीला वरून खाली लावत गेली, तान्ह्या लेकराला लावतात तसं. बोटाला उरलेलं माझ्या केसांना पुसलं. दुसऱ्या दिवशी भोगीची भाजी तीळकूट आणि शेंगदाण्याच्या कुटावरच शिजली. मला अजिबात आवडली नव्हती, खरं सांगते. पण देवाला गेलं ते आमच्या खाण्यातलं गेलं.

आणि आता? दुकानात जाऊन सगळ्यात स्वस्त कुठलं ते विचारायचं, पिशवी ठेवायची, फोटो काढायचा, पुढचं लिंग गाठायचं. बाराव्या शतकापासूनच्या देवाला आपण हे देतोय! संताप येतो नुसता.

तेल महागलंय, मान्य. दुपारी भाचा म्हणाला, दगडावर एवढं तेल कशाला, पायऱ्या निसरड्या होतात. त्याचंही खोटं नाही. मग वाटीभर नको, चमचाभर लावा. आज्जीनं तरी किती लावलं होतं? पण घरच्या बरणीतलं लावा, आणि हातानं लावा.

आज त्या लिंगापाशी एक बाई पिशवी ठेवून वळत होत्या. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "हे असं कुणी देतं का हो?" त्या म्हणाल्या, "ताई, घरात सांगणारं कुणी नाही. सगळे ठेवत होते, मीही ठेवली." कडेवर सहा-सात महिन्यांचं लेकरू. माझा आवाजच बसला. मला आज्जी होती, त्यांना कोण होतं?

वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी दोनच बोटं बुडवली, घाबरत घाबरत. मग सगळा तळवा पिंडीवर फिरवला. मी काही सांगायच्या आधीच हाताचं उरलेलं तेल लेकराच्या टाळूवर चोळलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पिशव्या गोळा करून आणल्यात, अकरा भरल्या. वाटी अजून घासली नाही, घासावीशी वाटत नाहीये. पोराच्या बाराबंदीला, यात्रेतल्या पांढऱ्या पोशाखाला, इस्त्री करायचीय, भोगीच्या भाजीचं निवडायचंय. उद्या कट्ट्यावर भेटूच.

एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!