आधी तोरींजन, मग व्याकरण

इंग्रजीच्या वर्गातल्या मॅडमचा नियम सोपा. चौघांनी मिळून गूगल डॉक्सवर एक इंग्रजी निबंध लिहायचा, एकमेकांना कॉमेंट द्यायच्या, शेवटी मॅडम बघणार. विषय 'आमचा सण'. गोव्यात हा विषय दिला की चतुर्थीच येणार, आणि चतुर्थी म्हटली की माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, फळांनी लगडलेली लाकडी चौकट.

लिहिणं एकवेळ जमलं, चुका काढायला मात्र कोणी धजेना. डिचोलीचे निवृत्त तलाठीकाका वयाने मोठे. त्यांच्या वाक्यात 'इज' दोनदा आला होता, कदंब बसच्या सीटवर शेजारी बसलेल्या जोडप्यासारखा. खाली पेडण्याच्या नर्सबाईंचं 'नाइस'. कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनवर असलेल्या पोराचं 'व्हेरी नाइस'. मीही अंगठा दिला. उगाच कशाला वाकडं घ्या?

मग निबंधात फळं आली. नारळ, केळीचा घड, सुपारीचं शिपटं, कांगलां, आंबाडे. अन् मार्जिन पेटलं! तोरींजन, ते लिंबाच्या जातीचं मोठं फळ, कुठाय? नारळाची पेंड आमच्याकडे मधोमध असते, तुमच्याकडे कोपऱ्यात कशी? कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, तिथे जाऊन बघा म्हणावं! सगळं अर्थात मराठीत, मध्येच कोकणी. निबंध अर्ध्या पानाचा, कॉमेंट संपता संपेनात. एका रात्री लिंकवरून कोणी 'अनामिक कॅपीबारा' (अनोळखी पाहुण्याला गूगल असं प्राण्याचं नाव देतं) आत शिरला आणि शिपटं किती मोठं असावं ते सांगून गेला. तो नर्सबाईंचा दीर निघाला.

मॅडमनी एवढंच विचारलं, 'डू यू नीड ऑल दीज फ्रूट्स?'

साधा प्रश्न हो! पण बाईमाणूस शिक्षिका, वर इंग्रजीत विचारतेय. सकाळपर्यंत सगळी फळं कापलेली. जे एकमेकांचं एक आंबाडं ऐकून घेत नव्हते, त्यांनी मॅडमच्या प्रश्नचिन्हापुढे अख्खी माटोळी उतरवली. मॅडमनी सुचवलेल्या दुरुस्त्याही न वाचता 'ॲक्सेप्ट'. उरलं काय, तर रिकामी लाकडी चौकट आणि खाली गणपती.

मॅडम हबकल्या. "अहो, मी फक्त विचारलं होतं! हवीत तर हवीत म्हणा, कारण द्या." व्हर्जन हिस्टरीतून फळं परत आणली आणि नवा नियम काढला : यापुढे कॉमेंट इंग्रजीतच.

झालं. दोन दिवस मार्जिनमध्ये चिडीचूप. नाइससुद्धा नाही. मग रात्री उशिरा तलाठीकाकांचा कर्सर लुकलुकला. बराच वेळ लुकलुकला.

'नो मॅडम. तोरींजन मस्ट. विदाउट तोरींजन नॉट माटोळी.'

खाली नर्सबाईंनी पहिल्यांदाच धीर केला : 'काका, व्हर्ब?'

'व्हर्ब लेटर,' काकांचं उत्तर आलं. 'फर्स्ट तोरींजन.'