देशमुखांना कृतघ्न म्हणण्याआधी

नमस्कार. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून नेहरूंचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६मध्ये दिलेल्या राजीनाम्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगली लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. उत्तराला दोन दिवस लागले. पहिला दिवस रागात गेला, दुसरा तुमच्या एका मुद्द्यापायी जुनी कात्रणं उपसण्यात.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या नेहरूंनी अर्थमंत्री केलं त्यांच्यावरच भर लोकसभेत तोफ डागणं ही कृतघ्नता. आदर होता तर चार भिंतींत बोलायचं होतं, नव्हता तर सहा वर्षं त्यांच्या मंत्रिमंडळात बसायचं नव्हतं. देश नुकता उभा राहत असताना प्रांतासाठी पंतप्रधानांना खाली बघायला लावणं देशप्रेमात बसत नाही. शिवाय राजीनामा देऊन लगेच विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद घेतलं, मग त्याग कसला? आणि जाता जाता टोमणा, की हे सगळं मी आजच्या टीकाकारांची तळी उचलायला लिहिलं.

चार भिंतींचं आधी सांगतो. देशमुख चार भिंतींतच बोलले होते, आणि चांगले सहा महिने. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, शहर पेटलं, गोळीबारात माणसं मेली. देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला होता. पण त्याच आठवड्यात, १९ जानेवारीला, हेच देशमुख आकाशवाणीवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण देशाला समजावून सांगत होते. फेब्रुवारीअखेर त्यांनी अर्थसंकल्पही मांडला. ज्यांच्या एका निर्णयाने आतून पोळत होतं, त्यांच्या सरकारचं काम त्यांनी तसूभर ढिलं पडू दिलं नाही. तमाशा करायचा असता तर जानेवारीइतका मुहूर्त दुसरा नव्हता.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन केंद्रशासनाचीच घोषणा पुन्हा केली, तेव्हा गाडी पुढे सरकणार नाही हे स्पष्ट झालं. मग जुलैमध्ये लोकसभेतलं ते निवेदन. त्यातले आक्षेप नीट पाहा. मंत्रिमंडळाला न विचारता असा निर्णय जाहीर कसा होतो? गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही? हे प्रश्न आयसीएसमध्ये, म्हणजे ब्रिटिशकालीन सनदी सेवेत, मुरलेल्या माणसाचे आहेत. टिपणी कोणाच्या टेबलावरून कुठे गेली, सही कोणाची, हे विचारल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्याचे. नेहरूंनी त्याच सभागृहात आरोप फेटाळले. पंतप्रधान आणि मंत्री यांचं नातं नेमकं काय, यावरचा हा वाद आजही वाचण्यासारखा आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने कबूल करतो. महाराष्ट्राविषयी आकस असल्याचा आरोपही देशमुखांनी केला, तो मला अन्यायाचा वाटतो. नेहरूंना भाषावार प्रांतांचीच धास्ती होती. फाळणी डोळ्यांदेखत झालेली, त्यामुळे भाषावार प्रांतांचा विचार करणाऱ्या १९४८-४९च्या काँग्रेसच्या जेव्हीपी समितीपासून (जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभि) ते हात आखडता घेत होते. मुंबईबाबत ते चुकले असं माझं ठाम मत आहे. पण चुकणं निराळं आणि आकस निराळा.

आता कृतघ्नता. १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेल्या माणसाला अर्थखातं देण्यात उपकार कुठे आले? देशाला तो माणूस हवा होता. नातं मात्र खरंच जवळचं होतं. १९५३मध्ये दुर्गाबाईंशी देशमुखांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत नेहरू होते. आणि या दुर्गाबाईंचा किस्सा तर इथे सांगायलाच हवा. १९२३चं काँग्रेसचं काकिनाडा अधिवेशन. चौदा वर्षांची दुर्गाबाई खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका. नेहरू आले, तिकीट नव्हतं, तिने अडवलं. संयोजकांनी धावत येऊन तिकीट काढलं तेव्हा कुठे आत सोडलं. नेहरू चिडले नाहीत, पोरीचं कौतुक केलं. तेहतीस वर्षांनी नवऱ्याने लोकसभेत विचारलं तेही एका अर्थी तिकीटच होतं.

कात्रणं उपसायला लावणारा तुमचा मुद्दा आयोगाच्या अध्यक्षपदाचा. तो खरा आहे, आणि आधीच्या लेखात मी त्यावरून हळूच पाय काढता घेतला होता. मंत्रिपद गेलं तरी देशमुख काही रस्त्यावर आले नाहीत. पण तुम्ही घेणाऱ्याचा हात पाहिलात, देणाऱ्याचाही पाहा. ज्याने सगळ्या देशासमोर जाब विचारला, त्याच्या हाती नेहरूंच्याच सरकारने देशातली विद्यापीठं सोपवली. त्याला कोणी देशद्रोही ठरवलं नाही. मला देशमुखांच्या राजीनाम्याइतकंच हे मोठं वाटतं, आणि खरं सांगायचं तर आज जास्त दुर्मिळ.

प्रांत आणि देश यांच्या तराजूबद्दल : यशवंतराव चव्हाणांनीही तेव्हा तो हाती धरला होता आणि नेहरूंचं पारडं जड मानलं होतं. त्यासाठी महाराष्ट्राने त्यांना काय काय ऐकवलं ते तुम्हाला माहीत असणार. माझा कल देशमुखांकडे आहे, तरी यशवंतरावांना लाचार म्हणायला जीभ रेटत नाही. आत राहून नेहरूंचं मन वळवायलाही कोणीतरी हवंच होतं.

आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या निदर्शनांत आमचे आजोबा पसरणी घाटात उभे होते. काळं कापड मिळेना म्हणून त्यांनी घरातल्या एकुलत्या एक छत्रीचं कापड उसवून झेंडा केला. आजी पुढे कैक वर्षं त्यावरून बोलायची. नेहरूंबद्दल नव्हे, छत्रीबद्दल. ताफा पुढे गेल्यावर आजोबा शेजारच्याला म्हणाले होते, ‘म्हातारा थकलेला दिसतो रे.’ हे ते स्वतः सांगायचे, आणि सांगताना आवाज जरा उतरायचा. बैठकीच्या खोलीत नेहरूंची तसबीर होती. ती त्या दिवशीही खाली उतरली नव्हती. या माणसाचं देशप्रेम कोणत्या खान्यात टाकायचं ते तुम्ही सांगा.

आचार्य अत्र्यांना कोणत्या खान्यात टाकणार? त्या चळवळीत नेहरूंवर त्यांच्याइतके आसूड कोणी ओढले नसतील. २७ मे १९६४ला नेहरू गेले आणि त्याच अत्र्यांनी आपल्या ‘मराठा’ दैनिकात दिवसामागून दिवस त्यांच्यावर असं लिहिलं, की भक्तांनाही जमलं नसतं. आजोबांनी ते अंक जपून ठेवले होते. परवा उपसलेल्या कात्रणांत तेही निघाले, कडा पार झडलेल्या.

राहिला टोमणा. हो, लिहिताना आजचं मनात होतं. पण कोणता पक्ष, कोणता नेता हे तुम्हीच गृहीत धरलंत. गंमत म्हणजे त्याच लेखावर दुसऱ्या एका वाचकाने मला नेमक्या उलट्या पक्षाचा ठरवलंय. तुमची दोघांची गाठ घालून द्यावी म्हणतो.

आणि एक आभार. १९५२मध्ये देशमुख रत्नागिरीतून निवडून आले असं मी लिहिलं होतं, ते कुलाब्यातून (म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून) आले हे तुम्ही लक्षात आणून दिलंत. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या माणसाबद्दल ही चूक व्हायला नको होती. मजकूर दुरुस्त केला आहे.