चेस्टरफील्डच्या वाकड्या मनोऱ्याचं खापर प्लेगवर कशाला?

इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्चचा पिळलेला मनोरा फोटोतून सगळीकडे फिरतो. सोबतचा मजकूर साधारण असा: ‘प्लेगमध्ये कसबी सुतार सगळे मेले. नवशिक्यांनी ओलं लाकूड वापरलं, म्हणून मनोरा वाकला. आता कधीही कोसळेल.’

‘सुतार मेले.’ मेलेच असणार. १३४८-४९च्या साथीने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं नेली आणि मनोऱ्याचं लाकूडकाम १३६२च्या सुमाराचं. पण ‘खूप मेले’ आणि ‘सगळे मेले’ यांत फरक आहे. २२८ फुटांपर्यंत लाकडी शंकू चढवून तो साडेसहाशे वर्षं टिकवणारे नवशिके मला तरी माहीत नाहीत.

‘ओलं लाकूड वापरलं.’ वापरलं, पण ती चूक नव्हती, तीच रीत होती. सागवान वर्षानुवर्षं वाळवायची सवय असलेल्या आपल्याला हा आरोप लगेच पटतो, तिथेच गफलत होते. तिथलं लाकूड ओकचं, आणि ओक वाळला की दगड होतो, हातकरवतीला दाद देत नाही. म्हणून तिथले सुतार तो ओलाच तासत, सांधत आणि जागेवर वाळू देत. वाळताना लाकूड हलणार हे त्यांना ठाऊक होतं.

मग पीळ कशाने? वर बघा. लाकडावर शिशाचे पत्रे आहेत, माशाच्या काट्यासारखे तिरपे जोडलेले, एकूण सुमारे ३३ टन. आतले आधार एवढ्या ओझ्यासाठी केलेलेच नव्हते. त्यात ऊन पडतं दक्षिणेकडून. त्या बाजूचं शिसं तापून जास्त फुगतं, उत्तरेचं कमी. असं रोज, शतकानुशतकं. आज मनोरा ४५ अंश पिळलाय आणि टोक मध्यापासून साडेनऊ फूट सरकलंय. याला प्लेग लागत नाही. तसा सैतानही लागत नाही, पण गावची कथा झकास आहे: जवळच्या बोल्सोवर गावच्या लोहाराने नाल ठोकताना खिळा सैतानाच्या पायात घातला, तो कळवळत उडाला आणि त्याची लाथ मनोऱ्याला लागली.

‘कधीही कोसळेल.’ २२ डिसेंबर १९६१ला चर्चच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली, जुना ऑर्गन खाक झाला. मनोरा जागचा हलला नाही. गावच्या फुटबॉल संघाला लोक आजही त्याच्याच नावाने ‘स्पायराइट्स’ म्हणतात (‘स्पायर’ म्हणजे असा निमुळता मनोरा).