‘मशीन ढिलं, पैसे वाया’ या एक स्टारच्या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री जिमचं शटर ओढताना वाचला. आमचा ट्रेनर तुम्हाला हसला, ते चुकलंच. माफी मागतो, त्यालाही समज दिली आहे. सकाळच्या बॅचला रोइंगची, म्हणजे बसल्या जागी वल्हं मारायची मशिनं दोन आणि माणसं आठ, त्यामुळे वीस मिनिटांत उठावं लागतं, हेही खरं.

पण ‘मशीन ढिलं झालंय, म्हणून लिव्हर चारच्या वर जाऊ देत नाहीत’ हे वाचल्यावर झोप लागली नाही. ती मशिनं हप्त्यावर घेतली आहेत सर, अजून १४ हप्ते जायचेत. चेनला तेल मी स्वतःच्या हाताने देतो.

पंख्याच्या बाजूचा तो एक ते दहा आकड्यांचा लिव्हर म्हणजे वजन नव्हे. पंख्यात हवा किती शिरू द्यायची, एवढंच तो ठरवतो. दहावर हवा जास्त शिरते, पंखा लगेच मंदावतो, म्हणून दर वेळी माल भरलेली होडी ओढल्यासारखं जड वाटतं. चारवर होडी हलकी, पण पायाने जितका झपकन जोर द्याल तितकं मशीन जड लागतं. पाय लागलेच नाहीत तर ढिलंच वाटणार. मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवा पंख्याला किती अडवते त्याचा आकडा दिसतो, आमचा चारवर ११५ च्या आसपास असतो, दर सोमवारी बघतो. आधीच्या जिममध्ये तुम्ही ‘दहावर आरामात’ मारत होता म्हणे. जाळीत धूळ बसली की हवा आत जात नाही, मग दहा हा नुसता आकडा उरतो. त्या जिमबद्दल मी काही म्हणत नाही.

आमच्या वहीत ११ तारखेची नोंद आहे. तुम्ही हट्टाने दहावर बसलात : मिनिटाला ३४ स्ट्रोक (ओढी), ५०० मीटरला २:३८ मिनिटं. १४ तारखेला चारवर : मिनिटाला २२, आणि २:२९. मिनिटाला बारा स्ट्रोक कमी मारून नऊ सेकंद वाचले! ओढताना आधी पाय, मग कंबरेतून मागे, शेवटी हात. परत येताना हात, कंबर, पाय, आणि तेही सावकाश, ओढीच्या दुप्पट वेळ घेऊन. तुम्ही पाय सरळ व्हायच्या आधीच हाताने खेचता. दहावर असं खेचलं की कंबर धरते. ‘दुसऱ्या दिवशी कंबर धरली’ असं तुम्हीच लिहिलंय, फक्त आदला दिवस कुठला होता ते लिहायचं राहिलं.

‘महिन्यात काही फरक नाही’ म्हणता, तर बारापैकी पाच दिवस आलात. दम वाढायला आठवड्यातून तीनदा तरी, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा बेताने बसावं लागतं.

भिंतीवरच्या फोटोवरचा टोमणा मात्र लागला. रोइंगपटू दत्तू भोकनळ आमच्याकडे यायचे असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, पाण्याची टंचाई बघितलेला मुलगा फौजेत जाऊन वल्हं धरतो आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा येतो, तर नाशिक जिल्ह्यातल्या जिममध्ये त्याचा फोटो नको का?

असो. लिव्हरशेजारी मराठीत पाटी लावतोय, वेळेचंही काहीतरी बघतो. तिसऱ्या मशीनचं डोक्यात आहे.

तुमचे सात दिवस शिल्लक आहेत. महिना संपला तरी या, पैसे नकोत. दहावर ठेवायचं तर ठेवा, कोणी हसणार नाही. फक्त शेवटच्या स्ट्रोकनंतर हँडल हातातून सोडून देऊ नका. त्या दिवशीचा आवाज खाली मेडिकलवाल्याला ऐकू गेला होता.