छतावरची अँटेना गेली, फुकटचा टीव्ही गेलेला नाही

"अँटेनावर टीव्ही फुकट दिसायचा. डिजिटलच्या नावाखाली तो बंद केला, चांगले चालणारे संच भंगारात घालायला लावले आणि पावसात चित्र घालवणारी छत्री गळ्यात मारली." हा मजकूर गटागटांतून फिरतोय. त्यामागचा राग मला कळतो, पण तो चुकीच्या ठिकाणी निघतोय.

आधी फुकटचं बघू. दूरदर्शनची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ मध्येच सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि डबा (सेट-टॉप बॉक्स) एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं बिल नाही. सह्याद्री तिच्यावर आहे, शिवाय अँटेनावर कधी न दिसलेल्या खाजगी वाहिन्याही. डब्याची सक्ती झाली ती केबलला: मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ची मुदत होती, पुणे, नागपूर, नाशिकला ३१ मार्च २०१३ची. आणि केबल ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीची होती तेव्हाही केबलवाला दर महिन्याला पैसे न्यायला येतच होता.

संच भंगारात घालायची गरज नव्हती. डब्याच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना जुन्या नळीच्या बऱ्याच टीव्हींनाही लागतात.

पावसाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण अनुभव खरा आहे आणि कारण चुकीचं सांगितलं जातंय. छत्रीवर येणाऱ्या उपग्रहाच्या लहरी दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या असतात. पावसाचे थेंब त्या शोषतात. अँटेनावरच्या लहरी त्याहून कितीतरी कमी वारंवारतेच्या, त्यांना पावसाचं फारसं काही वाटत नाही. म्हणजे चित्र जातं ते उपग्रहाच्या त्या पट्ट्यामुळे. डिजिटलचा दोष इतकाच, की ते हळूहळू बिघडत नाही. ॲनालॉगमध्ये लहर कमी झाली की मुंग्या यायच्या, तरी मुंग्यांतूनही बातम्या ऐकू यायच्या. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग चौकोन फुटतात आणि पडदा काळा.

हेच डिजिटल चित्र जमिनीवरच्या मनोऱ्यावरून पाठवलं, तर पावसातही टिकतं. दूरदर्शनने २०१६ मध्ये तसं प्रक्षेपण मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत सुरूही केलं. एका ॲनालॉग वाहिनीच्या जागेत त्यात अनेक वाहिन्या बसतात. पण ते पकडायला संचात वेगळा ट्यूनर किंवा डोंगल लागतो, आणि तो घरोघरी पोचलाच नाही. दुसरीकडे ॲनालॉग प्रक्षेपक एकेक करून बंद होत गेले. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकीचे मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं.

माझी तक्रार इथे आहे. जुलैत कोकणात पाऊस कोसळत असतो, तेव्हा गावाला बातमी सर्वांत जास्त हवी असते आणि नेमकी तेव्हाच छत्री दगा देते. जुने मनोरे बंद करताना तिथे डिजिटल प्रक्षेपक का बसवले नाहीत, हे विचारायला हवं. फिरणाऱ्या मजकुरात हा प्रश्न कुठेच नाही.