मयासुराने चिचेन इत्सा बांधलेलं नाही

मावशी येत्या डिसेंबरात लेकाबरोबर डॅलसहून मेक्सिकोतल्या युकातानला जाणार आहे. परवा तिने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "बघा, आपल्याच लोकांनी बांधलंय!" आठवड्यात तिसऱ्यांदा आला तो मला. मेसेज असा: खांडववनातून वाचलेला मयासुर पाताळात, म्हणजे अमेरिकेत गेला आणि तिथल्या जुन्या 'माया' लोकांचं नाव त्याचंच. त्यांची भाषा संस्कृतातून निघाली. पुढे ते लोक एकाएकी नाहीसे झाले. युकातानमधल्या चिचेन इत्सा या त्यांच्या जुन्या शहरातल्या पिरॅमिडवर चढून शिवाच्या गाभाऱ्याचं दर्शन घ्या, आसपास बाकी काही बघण्यासारखं नाही.

मयासुरापासूनच सुरुवात करतो. सभापर्वात मय इंद्रप्रस्थाची सभा बांधतो, त्यासाठी लागणारं सामान आणायला कैलासाच्या उत्तरेला बिंदुसरोवराकडे जातो. समुद्रापारच्या अमेरिकेचा तिथे उल्लेखही नाही. शिवाय चिचेन इत्साचा मोठा पिरॅमिड साधारण हजार वर्षांपूर्वीचा. आपलं वेरूळचं कैलास लेणं त्याहून जुनं आहे! त्या पिरॅमिडच्या पोटात आधीचा लहान पिरॅमिड सापडला आणि त्यात लाल रंगवलेलं जॅग्वारच्या आकाराचं आसन. म्हणजे तिथल्याच लोकांनी जुन्यावर नवं चढवत तो वाढवला.

आणि मय तिथे गेला असेल तर सोबत काय नेलं? माया लोकांकडे लोखंड नव्हतं, बैल-घोडे नव्हते, चाकाची गाडी नव्हती, गहू-तांदूळ नव्हता. उलट बाजूने बघा. मिरची तिकडची. ती आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. हजारो वर्षांची ये-जा होती म्हणता, मग ठेच्याला इतकी वाट का पाहावी लागली?

भाषेचा मुद्दा तर मावशीला पाच मिनिटांत तपासता येईल. युकातानच्या माया भाषेत एक ते पाच असे मोजतात: हुन, का, ओश, कान, हो. यात एक-द्वि-त्रि कुठे दिसतं? 'कान' म्हणजे सापही. त्यांचा देव कुकुलकान म्हणजे पिसांचा साप. 'ची' म्हणजे तोंड, 'चेन' म्हणजे विहीर. चिचेन इत्सा म्हणजे इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी वसलेलं गाव. 1952 साली युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने त्यांच्या लिपीचं कुलूप उघडायला सुरुवात केली. शिलालेखांतली चिन्हं उलगडली ती माया भाषांच्याच आधाराने. आज त्यांतून राजांची नावं वाचता येतात, त्यात मय कुठेच नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्यांच्या दीर्घ कालगणनेचा आरंभ इ.स.पू. 3114, आपल्या कलियुगाचा 3102. जवळ आहेत खऱ्या. पण त्यांची गणना विसाच्या पटीत चालते, 360 दिवसांचा 'तुन', वीस तुनांचा 'कातुन'. दोन आकडे शेजारी आले म्हणून नातं जुळत नाही.

'नाहीसे झाले' हे वाचून मला खरंच राग येतो. दक्षिणेकडची मोठी शहरं नवव्या शतकाच्या आसपास ओस पडली, तेही काही पिढ्यांमध्ये. दुष्काळ आणि लढाया ही त्यामागची मोठी कारणं मानतात. शेवटचं माया राज्य स्पॅनिशांनी घेतलं ते 1697 मध्ये. युकातानची माया भाषा मेक्सिकोत आज साडेसात लाखांहून जास्त लोक बोलतात. शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू ग्वातेमालातल्या माया आहेत. 12 जुलै 1562 रोजी मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात अशा चारच पोथ्या उरल्यात. पोथ्या स्पॅनिशांनी जाळल्या, आता इमारतींवरचं नाव आपण काढून घ्यायचं? गाइड माया घरातला असेल आणि मावशी त्याला म्हणेल, "हे आमच्या मयासुराने बांधलं." त्याला काय वाटेल?

राहिलं सहलीचं. चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर 2006 पासून चढू देत नाहीत, तेव्हा गाभाऱ्याचा प्रश्नच नाही. आणि आसपास काही नाही? वाय्यादोलिद या जवळच्या गावापासून तासाभराच्या आत 'एक बालाम' नावाचं जुनं माया शहर आहे. तिथे आठव्या शतकाच्या अखेरच्या उकित कान लेक तोक राजाची समाधी आहे. दारावर अक्राळविक्राळ जबडा, भोवती चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या मूर्ती. आम्ही तिथे सकाळी पोचलो तेव्हा मोजकीच माणसं होती. कोबा या दुसऱ्या जुन्या माया शहरातून निघालेला पांढरा रस्ता, 'साकबे', जंगलातून सुमारे शंभर किलोमीटर जातो. उश्माल या माया शहरात सेनोते, म्हणजे चुनखडकातल्या नैसर्गिक विहिरी नाहीत, म्हणून तिथल्या लोकांनी पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवलं. टाक्यांचं पाणी प्यालेल्या आपल्या गडांवरच्या माणसांना ते लगेच कळलं असतं.

मावशीसाठी माझी पहिली पसंती मात्र इझामल. पिवळ्या भिंतींच्या या गावात लांदाच्याच काळातला मठ जुन्या माया चौथऱ्यावर उभा आहे, आणि तिथून काही मिनिटांवर, घरांच्या मधोमध, किनिच काकमो हा प्रचंड पिरॅमिड. आजूबाजूच्या घरांत माया बोलणारी माणसं भेटतात. मावशी, त्यांना "बिश अ बेल?" असं विचार. म्हणजे 'कशी आहेस?', पण शब्दशः 'तुझी वाट कशी आहे?' साकबेतली 'बे' तीच.