मंदी आली की भारताचं स्टील संपतं? एकेक मुद्दा घेऊन बोलू

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जगात मंदी आली की भारताचं स्टील झोपतं, 2008 ला झोपलं, 2015 ला परत झोपलं आणि बँकांना घेऊन बुडालं, आता या धंद्याला भविष्य नाही, तेव्हा ड्युटी काढा आणि चीनचा माल येऊ द्या, निदान घरं तरी स्वस्त होतील. माझी बरीच वर्षं जालन्यात रोलिंग मिलचे, म्हणजे तापवलेलं लोखंड लाटून सळई काढणाऱ्या कारखान्याचे, हिशेब लिहिण्यात गेलीत, सळईचा सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही असे दिवस बघितलेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 2008. भाव कोसळले, शंभर टक्के खरं. पण माल बनणं थांबलं का? 2009 मध्ये जगाचं स्टील उत्पादन साधारण 8 टक्क्यांनी घटलं आणि त्याच वर्षी भारताचं 5.8 कोटी टनांवरून 6.3 कोटी टनांच्या वर गेलं. कारण आपला बहुतेक माल देशातच खपतो, पूल, धरणं, घरं, ट्रॅक्टर. भाव पडणं वेगळं आणि गिऱ्हाईक पळणं वेगळं, मेसेजवाल्यानं दोन्ही एकात कालवलंय. उत्पादन खरंच घटलं ते 2020 ला, लॉकडाऊनमध्ये, 11.1 कोटींवरून 10 कोटी टनांवर, आणि पुढच्याच वर्षी 11.8 कोटी झालं.

आता 2015. त्या वर्षी चीननं 11 कोटी टनांहून जास्त स्टील निर्यात केलं आणि आपलं सगळ्या देशाचं वर्षभराचं उत्पादन होतं 9 कोटी टनांच्या आत! एवढा माल मिळेल त्या भावात बाहेर ओतल्यावर कुणाचाही भाव टिकणार नाही. तरी आपलं उत्पादन तेव्हाही थोडं वाढलंच, जगाचं घटलं. सरकारनं फेब्रुवारी 2016 मध्ये 173 प्रकारच्या मालाला किमान आयात किंमत लावली, म्हणजे त्याखालच्या भावात माल आणायचा नाही, ती उशिरा लावली असं माझं मत आहे.

बँकांचा मुद्दा अर्धा खरा आहे. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं मोठ्या थकबाकीची जी 12 खाती दिवाळखोरीच्या कायद्याखाली पाठवली त्यात 5 स्टीलची होती. पण ती का बुडाली ते बघा ना. चांगल्या दिवसांत कर्ज काढून प्लांट वाढवले, मग 2014 ला सुप्रीम कोर्टानं 200 च्या वर कोळसा खाणींचं वाटप रद्द केलं, गुजरातमधल्या हजीऱ्याच्या एस्सार स्टीलच्या प्लांटला गॅस मिळेना, आणि त्यावर 2015 चे भाव. म्हणजे घाव कर्जाचा आणि कच्च्या मालाचा होता, मागणीचा नव्हता. आणि प्लांट भंगारात गेले का? त्या पाचातली भूषण स्टील 2018 मध्ये टाटांनी घेतली, साधारण 56 हजार कोटींच्या दाव्यापैकी 35 हजार कोटी बँकांना मिळाले. नुकसान झालंच, ते लपवायचं कारण नाही. पण तिचा आपल्या खोपोलीचा प्लांट आजही चालू आहे, फक्त पाटी बदलली.

घरं स्वस्त होतील म्हणे. हजार स्क्वेअर फुटाच्या घराला अंदाजे 4 टन सळई लागते, किलोमागे 5 रुपये उतरले तर वाचतात 20 हजार. एवढ्यात फ्लॅटचा भाव हलतो का, तुम्हीच सांगा, पैसा जागेत जातो. शिवाय बाहेरून येणारा माल जास्त करून कॉईल (गुंडाळलेला पत्रा) आणि पत्रा असतो, घरात पडणारी सळई बहुतेक इथलीच.

भविष्याचं म्हणाल तर 2018 मध्ये आपण स्टील उत्पादनात जपानला मागे टाकून जगात दुसऱ्या नंबरवर आलो, आणि तरी आपल्याकडे माणशी वापर 100 किलोच्या आसपास आहे, जगाची सरासरी 200 च्या वर. वाढायला जागा आहे. 2017 च्या धोरणातलं 2030-31 पर्यंत 30 कोटी टन क्षमतेचं टार्गेट मला अवघड वाटतं, कारण कोकिंग कोळसा, म्हणजे मोठ्या भट्टीत लोखंड काढायला लागणारा खास कोळसा, आपण बहुतेक सगळा बाहेरून आणतो, जास्त करून ऑस्ट्रेलियातून, तिकडे भाव चढला की इथे मार्जिन गेलं.

आणि ज्यांना मंदी खरी लागते त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. एप्रिल 2025 मध्ये 12 टक्के सेफगार्ड ड्युटी (आयात फार वाढली की देशी धंदा वाचवायला लावतात तो जादा कर) लागली ती पत्रा-कॉईलसारख्या चपट्या मालावर, म्हणजे जालन्याच्या सळईवाल्याला थेट काहीच नाही. छोटी मिल स्क्रॅप (भंगार) आणि स्पंजवर (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड) चालते, भाव पडला की गेल्या आठवड्यात घेतलेलं स्क्रॅपच महाग पडतं, भट्टी बंद ठेवली तरी विजेचा डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर लोडचा ठरलेला आकार, भरावाच लागतो, मग दोन पाळ्यांची एक होते. पहिल्यांदा थांबतात ते रोजावरचे, बिहार-ओडिशाकडून आलेले पोरं. एका मंदीत आमच्या मिलमधली चौदा जणं एकाच आठवड्यात हिशेब घेऊन गावी गेली, भाव परत चढल्यावर त्यातली पाचच परत आली.